हाउजीच्या आकड्यांना नावं कशी पडली

चहाचे कप ट्रेमधून फिरत असतात आणि कुणीतरी पिशवीतून तिकिटांचं पॅड बाहेर काढतं. भिशी असो, संक्रांतीचं हळदीकुंकू असो की सोसायटीतलं चहापान, पेनांची शोधाशोध सुरू होते आणि पहिला आकडा निघायच्या आत ‘जल्दी फाइव्ह’ला, म्हणजे पहिले पाच आकडे सगळ्यांआधी खोडणाऱ्याला, बक्षीस काय, हे विचारून झालेलं असतं. भेंड्यांना गळा लागतो, दमशेराजला अंगात थोडा नट लागतो. हाउजीत मात्र गुडघे धरलेली आजी आणि पहिलीतली नात एकाच पायरीवर असतात.

खेळाचं मूळ इटलीत आहे. सोळाव्या शतकात जिनोआमध्ये नगरमंडळाचे सदस्य चिठ्ठ्या टाकून निवडले जात आणि कुणाचं नाव निघणार यावर लोक पैसे लावत. पुढे नावांच्या जागी आकडे आले आणि त्यातून सरकारी लोटो, म्हणजे आकड्यांची सोडत, उभा राहिला. आपलं तिकीट आजही ९०वर थांबतं ते त्या लोटोमुळे.

तो घरात कसा शिरला, याची गोष्ट नेपल्समध्ये सांगतात. १७३४ साली राजा चार्ल्सला लोटोतून महसूल हवा होता, तर फादर रोक्को या धर्मगुरूंना जुगार नको होता. तडजोड अशी झाली की निदान नाताळच्या आठवड्यात लोटो बंद राहील. लोकांनी तोवर घरातच डाव मांडला. वेताच्या छोट्या टोपलीत आकडे, हातात तिकिटं, आणि निघालेला आकडा झाकायला घेवड्याचे दाणे नाहीतर संत्र्याच्या सालीचे तुकडे. टोपलीत आकडे घोळवायचे म्हणून नाव पडलं तोंबोला. आपला तंबोला किंवा हाउजी तो हाच.

नेपल्सच्या लोकांनी आणखी एक गोष्ट केली आणि माझ्या मते खेळाचा जीव तिच्यात आहे. तिथे स्वप्नात दिसलेल्या गोष्टीवरून आकडा ठरवायची जुनी रीत होती, ती त्यांनी घरच्या खेळात आणली. २५ म्हणजे नाताळ, ३३ म्हणजे ख्रिस्ताचं वय, ४७ मेलेला माणूस, ४८ बोलणारा मेलेला माणूस, ९० म्हणजे भीती. पुकारणारा टोपलीत हात घालून नुसता आकडा सांगत नाही, एकातून दुसरी गोष्ट गुंफत जातो.

ब्रिटिश आरमारात या खेळाला तंबोला म्हणत, पायदळात ‘हाउस’. सैनिकांनी आपली नावं पाडली. ९ला ‘डॉक्टर्स ऑर्डर्स’, कारण लष्करी डॉक्टर उठसूट देत त्या रेचक गोळीचा क्रमांक ९ होता. ११ म्हणजे दोन पाय, २२ म्हणजे दोन बदकं, ८८ म्हणजे ‘टू फॅट लेडीज’. हे सगळं आकड्यांच्या आकारावरून आलेलं. अमेरिकेत १९२९नंतर एडविन लो यांनी ‘बिंगो’ म्हणून विकला तो याचा ७५ आकड्यांचा भाऊ. आपल्याकडे ९०चा खेळ आला तो इंग्रजांच्या सैन्याबरोबर, छावण्यांच्या मेसमधून क्लबांत आणि तिथून दिवाणखान्यात. तिकीटही तेच राहिलं: ३ ओळी, ९ रकाने, २७ घरांत १५ आकडे, प्रत्येक ओळीत ५.

मला सलतं ते एवढंच की हाकाही आपण तशाच घेतल्या. बाईच्या जाडीवर बेतलेली हाक बायकांच्याच हळदीकुंकवात अजून का द्यायची? मराठीत आकड्यांना नावांची वानवा कधी नव्हती. १४ म्हटलं की विद्या, १६ म्हटलं की आणे, २७ नक्षत्रं, २८ म्हणजे विठोबाची युगं, ३२ म्हणजे बत्तीशी, ६४ कला. ९ला ‘नऊवारी’ म्हणून पाहा, अख्खी खोली उत्तर देते. शिवाय मुलांच्या कानावर एकोणऐंशी, एकोणनव्वद पडतात. २०१९मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीसला ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी जोड आली तेव्हा केवढा वाद झाला. ज्यांना जुनी नावं टिकायला हवी आहेत, त्यांच्यासाठी हाउजीसारखी शाळा नाही.

यातली सगळ्यांत देखणी हाक छापील तिकिटावर दिसतच नाही, कारण तिथे आकडे इंग्रजी असतात. म्हणून गेल्या संक्रांतीला आम्ही जाड कागदावर देवनागरी आकड्यांची तिकिटं हाताने लिहिली आणि आकडे झाकायला वाटीभर चिंचोके ठेवले. छत्तीस निघाला. पुकारणाऱ्या काकू म्हणाल्या, “पाठीला पाठ!” इंग्रजी माध्यमातली एक मुलगी तिकिटावर बोट फिरवत राहिली. ३ तिकडे बघतोय, ६ इकडे. ‘छत्तीसचा आकडा’ तिने घरात शंभरदा ऐकला होता. तिने चिंचोका ठेवला नाही, आधी आईला तिकीट दाखवलं. मग स्वतःच शोधून काढलं की खालच्या ओळीतला ६३ मात्र तोंडाला तोंड लावून बसलाय.