ड्रिल (भोकयंत्र)

ड्रिल : लाकूड, धातू, वीट, काँक्रीट इत्यादींना गोल भोक पाडणारे फिरत्या पात्याचे हत्यार. या नोंदीत विजेवर चालणाऱ्या, हातात धरायच्या घरगुती ड्रिलचाच विचार केला आहे. कारखान्यातील उभी छिद्रण यंत्रे व विहिरींची बोअर यंत्रे येथे घेतलेली नाहीत. भिंतींची उदाहरणे नागपूर व परिसरातील आहेत.

मराठीत सुताराच्या जुन्या हत्यारांना सामता व गिरमिट अशी नावे आहेत. सामत्याला कमानीच्या दोरीचा वेढा देऊन कमान मागेपुढे ओढतात, त्यामुळे पाते दोन्ही दिशांनी फिरते. गिरमिट आडव्या मुठीने एकाच दिशेला पिळत नेतात. ‘गिरमिट’ हे इंग्रजी गिम्लेटचे रूप मानले जाते. करारबद्ध मजुरांच्या ‘गिरमिट’शी त्याचे नाते जोडण्याचा मोह होतो, पण तो शब्द ॲग्रिमेंटवरून आला. दोन निराळे परके शब्द देशी जिभेवर येऊन एकाच साच्यात बसले, इतकेच. नागपुरात हिंदीच्या शेजारामुळे ‘बरमा’ही ऐकू येतो. इतवारीच्या लोहा ओळीत मात्र ‘ड्रिल मशीन’ आणि ‘हॅमर’ एवढ्या दोन नावांवर सगळा व्यवहार चालतो.

फिरत्या टोकाने भोक पाडण्याची कला फार जुनी आहे. बलुचिस्तानातील मेहरगढच्या नवाश्मयुगीन दफनभूमीत गारगोटीच्या टोकाने कोरलेले ११ मानवी दात मिळाले असून त्यांचा काळ सुमारे ९,००० ते ७,५०० वर्षांपूर्वीचा धरतात. हडप्पा संस्कृतीतील कारागीर लांब कार्नेलियन (तांबूस अकीक) मण्यांसाठी एका विशिष्ट कठीण दगडाची टोके वापरीत. चान्हुदडोचे उत्खनन करणारे अर्नेस्ट मॅके यांच्यावरून त्या दगडाला अर्नेस्टाइट म्हणतात. नागपूरच्या वायव्येस काटोल मार्गाजवळचे माहुरझरी हेही या संदर्भात महत्त्वाचे ठिकाण आहे. येथील महापाषाणीय शिलावर्तुळांचे (मोठ्या दगडांनी वेढलेल्या प्राचीन दफनांचे) उत्खनन शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली १९७०–७२ मध्ये झाले. अकीक, कार्नेलियन इत्यादी दगडांचे मणी घडवणारे केंद्र म्हणून हे स्थळ ओळखले जाते. शिलावर्तुळे सर्वसाधारणपणे इ.स.पू. पहिल्या सहस्रकातील मानतात. मण्यांचा उद्योग तितकाच जुना की त्याचा मोठा भाग नंतरच्या, वाकाटकांपर्यंतच्या काळातला, याविषयी एकमत नाही. उद्योगाचा आरंभ जुना आणि भरभराट नंतरची, असे धरणे अधिक सुरक्षित वाटते. कच्चा माल दूरचा असण्याचे कारण नाही, कारण दख्खनच्या काळ्या खडकातील पोकळ्यांत असे दगड भरलेले असतात. अकिकाची कठिनता मोहस मापनावर ७ च्या आसपास असल्याने साधे लोखंड त्यावर घसरते. त्यासाठी एकतर सैल कठीण भुकटी लागते किंवा हिऱ्याचे टोक. खंभातचे मणेरी हिऱ्याच्या टोकाचा कमानी सामता आजही चालवतात. भारतात हे तंत्र इ.स.पू. पहिल्या सहस्रकाच्या मध्यापासून असावे, असा तर्क आहे.

विजेच्या ड्रिलचा जनक कोण, याची उत्तरे ‘ड्रिल’ कशाला म्हणावे यावर बदलतात. मेलबर्न येथे आर्थर जेम्स आर्नॉट व विल्यम ब्लांच ब्रेन यांनी १८८९ मध्ये विद्युत ड्रिलचे एकस्व (पेटंट) घेतले, पण ते खडक व कोळसा फोडण्यासाठी होते. श्टुटगार्टच्या फाइन कंपनीने १८९५ मध्ये हातात धरता येईल असे यंत्र केले. बॉल्टिमोरच्या ब्लॅक अँड डेकर कंपनीने पिस्तुलासारखी मूठ व बोटाने दाबायचा खटका जोडला. त्याचा अर्ज १९१४ चा, एकस्व १९१७ चे. अग्रक्रमाचा मान आर्नॉट-ब्रेन यांना देण्याचा प्रघात आहे. घरगुती ड्रिलची वंशावळ मात्र फाइनपासून मांडणे आणि तिचे आजचे रूप १९१७ चे धरणे वस्तुस्थितीला जवळचे आहे. एका हाताने यंत्र पेलून दुसऱ्या हाताने वस्तू धरता येणे हाच घरातला खरा बदल होता. बिनतारी ड्रिल चांद्रमोहिमेसाठी शोधले गेले ही समजूत चुकीची आहे. असे ड्रिल १९६१ मध्येच बाजारात आले होते. चंद्रावर अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी बॅटरीवरचे ड्रिल वापरले ते १९७१ मध्ये.

पात्याचा इतिहास वेगळा आहे. पिळाच्या खाचांचे पाते स्टीफन मोर्सने १८६३ मध्ये एकस्वाखाली आणले. पाते पकडणारा, चावीने आवळायचा तीन जबड्यांचा चक आर्थर जेकब्सचा, १९०२ च्या सुमारासचा. टंगस्टन कार्बाइडची टिकली १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात जर्मनीत क्रुप कंपनीने ‘विडिया’ (हिऱ्यासारखे) या नावाने आणली. भिंतीच्या पात्याच्या टोकावर दिसणारा रुंद, करडा तुकडा तोच. लाकूड-लोखंडाच्या एचएसएस (हाय स्पीड स्टील) पात्याला हा तुकडा नसतो. ते पाते विटेत घातले तर दोन भोकांत त्याची धार जाते.

नागपूरच्या घरात हे यंत्र बहुधा दोनदा बाहेर निघते: नव्या घरात पडदे व पंखे लावताना, आणि होळीच्या आसपास, खिडकीला कूलरचा ब्रॅकेट ठोकायला. खरेदीच्या वेळी गिऱ्हाईक वॅट विचारते. मोटर किती वीज ओढते एवढेच वॅटवरून कळते, भिंतीला किती जोराचा ठोका बसेल ते कळत नाही. साध्या ‘हॅमर’ ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासत उड्या मारतात. ठोके मिनिटाला ४०,००० च्या घरात, पण प्रत्येक ठोका हलका. रोटरी हॅमरमध्ये दट्ट्या हवेची उशी दाबून हातोडीला पुढे फेकतो. ठोके मिनिटाला ४,०००–५,००० च पडतात, पण लहान यंत्रातही प्रत्येकी २–३ ज्यूलचे. त्याचे पाते चकात आवळत नाहीत. एसडीएस पद्धतीच्या खाचांत ते सैल बसते, म्हणजे ठोका थेट पात्यालाच मिळतो. विटेसाठी पहिले पुरते, आरसीसी तुळईसाठी दुसरेच लागते. साधे ड्रिल तुळईवर दहा मिनिटे दाबून धरणाऱ्याला भोक मिळत नाही, फक्त तापलेले पाते मिळते.

तेव्हा आधी भिंत ओळखावी. भोकातून पहिली भुकटी कोणत्या रंगाची पडते, हा सर्वांत स्वस्त उपाय. लाल भुकटी भाजलेल्या मातीच्या विटेची. आयएस १०७७ या भारतीय मानकानुसार अशा विटेची किमान दाबशक्ती दर चौरस मिलिमीटरला ३.५ न्यूटन असते आणि साध्या हॅमरने तिच्यात स्वच्छ भोक पडते. महाल-इतवारीकडच्या जुन्या वाड्यांच्या भिंतींत विटांचे सांधे मातीने किंवा चुन्याने भरलेले असतात. तेथे ठोका बंद ठेवून नुसते फिरवावे, नाहीतर सांधा ढासळून भोकाचे भगदाड होते. करडी भुकटी राखेच्या विटेची किंवा काँक्रीटची. शहराच्या उत्तरेला कोराडी व खापरखेडा ही औष्णिक केंद्रे असल्याने राखेची वीट येथे मुबलक आहे. १९९९ च्या केंद्रीय अधिसूचनेने अशा केंद्रांपासून ५० किमीच्या परिघात विटांच्या मातीत किमान २५ टक्के राख मिसळणे बंधनकारक केले आणि पुढे हा परीघ वाढवण्यात आला. राखेची वीट सारखी व टणक असते, पण कडेला ठिसूळ. कडेपासून चार बोटे आत भोक घ्यावे. पांढुरकी, पिठासारखी भुकटी हलक्या एएसी (हवेच्या बुडबुड्यांच्या काँक्रीटच्या) ठोकळ्याची. त्यात ठोक्याची गरजच नसते आणि नेहमीचा प्लग धरतही नाही. करड्या भुकटीनंतर पाते एकाएकी अडून किंचाळू लागले, तर आत सळई आहे. जोर लावू नये, भोक दोन बोटे सरकवावे.

भोकात बसवायच्या प्लगला येथे ‘गिट्टी’ म्हणतात. विदर्भात रस्त्याच्या खडीलाही गिट्टीच म्हणतात, त्यामुळे नवख्याचा गोंधळ होतो. पूर्वी छिन्नीने चौकोनी खाच करून त्यात लाकडाची पाचर सिमेंटने बसवीत. ब्रिटनमध्ये जॉन रॉलिंग्ज यांनी १९११ च्या सुमारास तागाच्या धाग्यांचा प्लग केला, ‘रॉल प्लग’ हे नाव त्यावरून आले. नायलॉनचा पसरणारा प्लग आर्टुर फिशर यांचा, १९५८ चा. ६ मिमी प्लगला ६ मिमीचेच भोक घेतात, स्क्रू मात्र ४ मिमीच्या आसपासचा. भोक प्लगच्या लांबीपेक्षा सुमारे १० मिमी खोल घेऊन भुकटी फुंकून काढावी. (फुंकताना डोळे मिटावेत. प्रत्येक जण हे एकदा विसरतो.) पाण्याने भरलेला कूलर मोठा भार असतो, तो नुसत्या प्लगवर टांगू नये. जमिनीवर टेकणारा लोखंडी स्टँड बरा.

वापराबाबत थोडकेच सांगता येते. स्विचबोर्डाच्या सरळ वर, खाली व आडव्या रेषेत भोक घेऊ नये, कारण तारा बहुधा त्याच रेषांत नेलेल्या असतात. नळाच्या वर-खालीही तसेच. घराच्या जोडणीत ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळताच प्रवाह तोडणारा खटका) असावा. हातमोजे व सैल बाही फिरत्या चकाजवळ नको. पाते अडकले की यंत्रच मनगट पिळते, म्हणून मोठ्या पात्याला बाजूची मूठ लावतात. काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते, नाकावर मास्क घ्यावा.

बॅटरीचे ड्रिल अलीकडे लोकप्रिय आहे. १८ व्होल्टच्या पॅकमध्ये लिथियम-आयनचे घट पाच-पाचच्या ओळीत जोडलेले असतात. अशा घटांना साधारण ४५ अंश सेल्सिअसच्या वर भारित (चार्ज) करू नये, आणि नागपुरात मे महिन्यात सावलीतला पाराच तेथे जातो. गच्चीवर काम करून आलेली तापलेली बॅटरी लगेच लावली तर चार्जर ती नाकारतो. ती खोलीत निवू द्यावी, फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण आत दव धरते.

तारेच्या ड्रिलमध्ये कोळशाचे दोन ब्रश झिजतात. मिस्तरी त्यांना नुसते ‘कार्बन’ म्हणतात. मोटरीच्या खिडकीतून ठिणग्या वाढल्या, ड्रिल अडखळत सुरू होऊ लागले, की ते जोडीनेच बदलावेत. बदलूनही ठिणग्या तशाच राहिल्या तर दोष आर्मेचरच्या (मोटरीच्या फिरत्या भागाच्या) तांब्याच्या पट्ट्यांत असतो. स्वस्त यंत्रात नवे आर्मेचर बसवण्याचा खर्च बहुधा नव्या यंत्राच्या जवळ जातो.