मासा कयाक ओढतो तेव्हा दमतं कोण?

गगनबावडा उतरून देवगड-मालवणला गळ टाकायला जाणारी मंडळी कोल्हापुरात कमी नाहीत. त्यांच्या मोबाइलवर एक ठरावीक व्हिडिओ असतोच. प्लास्टिकची लांबट कयाक, तिच्यात एकटा माणूस, वाकलेली काठी आणि न दिसणारा मासा ती कयाक खोल समुद्राकडे ओढत नेतोय. खाली शेरेही ठरलेले. एक, "नाद खुळा!" दुसरा, "बारा किलोची सुरमई सव्वाशे किलो ओढतेय, म्हणजे अंगात दहापट ताकद!" पहिल्या शेऱ्याशी भांडण नाही. दुसरा मात्र साफ चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा हे कळलं की कयाकवरून दांडगा मासा आणण्याची निम्मी विद्या हाती येते.

तरंगणाऱ्या वस्तूचं वजन पाणी पेलतं, ओढणाऱ्याला ते पेलावं लागत नाही. त्याला फक्त पाण्याच्या रोधावर मात करायची असते. ७० किलोचा माणूस, ३५ किलोची कयाक आणि १० किलो सामान असं ११५ किलोचं प्रकरण माणसाच्या चालण्याच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला साधारण १.४ मीटरने, सरळ रेषेत ओढायला दीड-दोन किलोचा ताण पुरतो. (इथून पुढे बलही किलोतच मोजू, १ किलो म्हणजे ९.८ न्यूटन.) बारा किलोच्या सुरमईला एवढा जोर काहीच नाही.

पण हा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला तर रोध चौपट, आणि त्यासाठी लागणारी शक्ती आठपट. शिवाय ३.६ मीटर लांबीची कयाक सेकंदाला २.४ मीटरच्या आसपास पोचली की स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते आणि रोध एकदम चढतो. हे झालं नाळ, म्हणजे कयाकचं पुढचं टोक, पुढे असताना. तीच कयाक आडवी ओढली तर रोध कित्येक पटींनी जास्त. पुराच्या पाण्यात काहील (गूळ शिजवायची मोठी कढई) होडीसारखी वापरणाऱ्यांना आकाराचा हा फरक वेगळा सांगायला नको. गोल काहिलीला पुढची बाजूच नसते, त्यामुळे ती सरळ जाण्याऐवजी गरगर फिरते.

आता रिळाकडे वळू. मासा जोरात पळाला तर तंगूस, म्हणजे गळाची दोरी, तुटण्याआधी सुटत राहावं यासाठी रिळात घसरता ब्रेक असतो. त्याला सगळे ड्रॅगच म्हणतात. मोटरसायकलच्या क्लचप्लेटसारख्या एकाआड एक चकत्या, वरून दाबणारी स्प्रिंग आणि दाब कमी-जास्त करायला नॉब. ताण ठरावीक आकड्यावर गेला की चकत्या घसरतात आणि दोरी सुटते. मासा, तंगूस, काठी, ड्रॅग, माणूस, कयाक हे सगळं एकाच साखळीत आहे, आणि साखळीत जो दुवा सगळ्यात कमी ताणाला हार मानतो तोच हलतो. ड्रॅग साडेतीन किलोवर लावला आहे आणि कयाक दीड किलोलाच सरकते आहे, तर ड्रॅग घसरणारच नाही, कयाक निघून जाईल.

मग मासा लागताक्षणी रीळ किंचाळतं ते का? कारण जडत्व. साडेतीन किलोचा ताण ११५ किलोच्या वस्तुमानाला सेकंदाला जेमतेम ०.३ मीटर प्रतिसेकंद एवढाच वेग देतो. समजा मासा सेकंदाला ६ मीटरने सुटला. ५ सेकंदांत तो ३० मीटर गेला, कयाक मात्र साडेतीन मीटरच्या आसपास. उरलेली सव्वीस-सत्तावीस मीटर दोरी रिळातून गेली. माशाने या वेळात सुमारे १,००० ज्यूल काम केलं, त्यातलं जवळपास ९०० ज्यूल चकत्यांत उष्णता होऊन गेलं आणि कयाकच्या वाट्याला शंभरेक आलं. म्हणजे ही पहिली धाव सर्वस्वी ड्रॅगची परीक्षा असते.

ड्रॅग किती लावायचा? साखळीतल्या सगळ्यात कमकुवत दुव्याच्या तुटण-ताणाच्या पाव ते एक तृतीयांश. हा दुवा बहुधा गाठ असते, दोरी नव्हे. १२ किलोची दोरी असेल तर ३ ते ४ किलो. हे बोटाच्या अंदाजाने करू नये. सामान तोलायचा हूकवाला काटा घ्या, दोरी काठीच्या सगळ्या कड्यांतून ओवा, काठी ४५ अंशांत धरा आणि काटा सावकाश, एकसारखा ओढा. दोन आकडे बघायचे: चकत्या पहिल्यांदा सुटतात तो आणि घसरत राहतात तो. स्थिर घर्षण गतिमान घर्षणापेक्षा जास्त असतं, त्यामुळे पहिला थोडा मोठा येणारच. पण फरक पाचव्या हिश्श्याहून जास्त असेल तर चकत्यांत मीठ, वाळू किंवा चुकीचं ग्रीस आहे, आणि दोरी नेमकी त्या पहिल्या झटक्याला तुटेल.

इथे माझ्या मते या सगळ्या खेळातली सर्वांत सुंदर गोष्ट येते. ड्रॅग ठरवतो ते बल नव्हे, बलाचं आघूर्ण, म्हणजे फिरवणारा जोर. दोरीतला ताण म्हणजे ते आघूर्ण भागिले दोरीच्या वेटोळ्याची त्या क्षणाची त्रिज्या. भरलेल्या रिळाचा व्यास ६० मिलिमीटर आहे आणि दोनशे मीटर दोरी गेल्यावर तो ४० उरला, तर नॉबला हात न लावता साडेतीन किलोचा ड्रॅग सव्वापाच किलोचा होतो. त्यात पाण्यातून आडव्या फरफटणाऱ्या दोरीचा रोध वेगळा. तोही वेगाच्या वर्गाने वाढतो आणि मासा दिशा बदलतो तेव्हा सगळ्यात जास्त लागतो, कारण दोरीचा मोठा फुगवटा त्याच्यामागे आडवा ओढला जातो. याशिवाय कड्यांवरून दोरी वळते तिथलं घर्षण आहेच. ऑयलर या गणितज्ञाच्या सूत्राने ताण वळणाच्या कोनाबरोबर घातांकी वाढतो. घर्षणांक ०.१५ धरला, तर काटकोनात वाकलेल्या काठीत ताण आणखी पाव हिश्श्याने वाढतो. तिन्ही मिळून साडेतीनचे सात कधी झाले ते कळतही नाही. आणि नेमक्या याच वेळी, रीळ रिकामं होताना बघून, माणसाचा हात नॉब आवळायला जातो! करायचं असतं उलट. अर्धी दोरी गेली की नॉब थोडा सैल करा आणि कयाक माशाच्या दिशेने जाऊ द्या.

ऑयलरचं सूत्र लिहिलं नसतं तरी देवमाशाच्या शिकाऱ्यांना ते ठाऊक होतं. हार्पून लागलेला देवमासा होडी ओढत नेई तेव्हा दोर होडीतल्या लाकडी खुंटाला दोन-तीन वेढे देऊन सोडत, आणि खुंट धुरावू नये म्हणून त्यावर पाणी ओतत. रिळातही तेच घडतं. ५ किलोच्या ड्रॅगवर १०० मीटरची धाव म्हणजे सुमारे ५,००० ज्यूल उष्णता. ती सगळी ५० ग्रॅम ॲल्युमिनियममध्येच कोंडली, तर तापमान शंभर अंशांहून जास्त चढेल. प्रत्यक्षात बरीच निघून जाते, पण स्वस्त रिळातली फेल्टची चकती अशा वेळी चकाकून गुळगुळीत होते आणि मग झटके देऊ लागते. कार्बनची चकती टिकते ती याच कारणाने.

पहिली धाव संपली की व्हिडिओतला तो प्रसिद्ध भाग सुरू होतो. मासा सावकाश पोहतोय, कयाक मागे चाललीय, रीळ गप्प. सगळ्यांना वाटतं मासा दमतोय. हिशेब करून बघा. १.४ मीटरच्या वेगाला दीड किलोचा ताण म्हणजे सुमारे २० वॉट. माशाने वेग निम्मा केला तर आठवा हिस्सा, अडीच वॉट. एवढ्यावर तो तासन्‌तास पोहू शकतो. झटक्याच्या धावेत वापरले जातात ते पांढरे स्नायू. ते ग्लायकोजेन जाळतात, लॅक्टेट साठवतात आणि लवकर संपतात. सावकाश पोहण्याचं काम लाल स्नायूंचं, ते ऑक्सिजनवर चालतात. कयाक ओढत सावकाश फिरणारा मासा पांढऱ्या स्नायूंना विश्रांती देत असतो. दमतो तो उन्हात काठी धरून बसलेला माणूस.

म्हणून रोध वाढवायचा. वरती बसायच्या कयाकमध्ये दोन्ही पाय दोन बाजूंनी गुडघ्यापर्यंत पाण्यात सोडले की सेकंदाला एक मीटरच्या वेगालाही तीन-चार किलोचा ब्रेक लागतो, शिवाय तोल सुधारतो. पण एकूण रोध ड्रॅगच्या आकड्याला पोचला की कयाकचा वेग तिथेच अडतो आणि दोरी सुटू लागते. साखळीचा नियम तोच. कयाक ज्यांची, त्या इन्युइट शिकाऱ्यांनी तर हा प्रश्न मुळापासूनच टाळला होता. हार्पूनचा दोर ते कयाकला बांधत नसत, हवा भरलेल्या सीलच्या कातड्याला बांधत. कातडं जनावराला दमवी, माणूस मागून वल्हवत जाई.

दुसरा उपाय जवळ जाण्याचा. रीळ गुंडाळलं की मासा येत नाही, कयाक माशाकडे जाते. जाऊ द्या. थेट माशाच्या वर पोचलात की ओढ उभी होते, आणि खालच्या दिशेला कयाक सरकू शकत नाही. आता पहिल्यांदाच पुरा ड्रॅग कामाला लागतो. काठी आडवीपासून ४५ अंशांपर्यंत सावकाश उचलायची, खाली नेताना गुंडाळायचं. ४५ च्या फार वर नेऊ नये. काठी उभी झाली की जाड बुंध्यावरचा भार पातळ शेंड्यावर येतो आणि शेंडा तुटतो.

काठीबद्दलही एक गैरसमज आहे. काठी माणसाची ताकद वाढवत नाही, ती माशाची वाढवते. वाकलेल्या काठीचा शेंडा बुडख्यापासून १.२ मीटरवर आणि पुढचा हात ०.४ मीटरवर असेल, तर शेंड्यावरचे ५ किलो हाताला १५ होतात. आता दुकानातल्या खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं "२० किलो ड्रॅग" वाचा. हाताला ६० किलो! कयाकवर बसून तो आकडा वापरणारा माणूस पुढच्या क्षणी पाण्यात असेल. अशा आकड्याला पैसे देण्यापेक्षा ४ किलोला न झटकणारं रीळ घ्यावं.

कयाक उलटते ती माशामुळे, हेही अर्धसत्यच. ५ किलोची उभी ओढ कयाकच्या मध्यरेषेपासून ०.८ मीटरवर लागली, तर आघूर्ण ४ किलो-मीटर. त्याच वेळी मासा बघायला माणूस कमरेतून १५ सेंटिमीटर कलला, तर ४५ किलोचं धड, डोकं आणि हात मिळून पावणेसात. दोन्ही एकाच बाजूला, म्हणजे बेरीज. डोकं बेंबीच्या वर ठेवायचं, बघायचं असेल तर मान वळवायची. उलट बाजूला रेलून ओढ तोलू नये, कारण गळ सुटला की आपण तिकडेच पडतो. काठीचा शेंडा नाळेच्या दिशेला ठेवला की ओढ कयाकच्या पुढच्या भागावर लागते आणि नाळ आपोआप माशाकडे वळते. शेंडा मागे गेला की कयाक आडवी होते आणि लाट बगलेवर येते. ७ फुटांची काठी घेतात ती मासा खालून पलीकडे गेला, तर शेंडा नाळेवरून फिरवता यावा म्हणून.

मोठा मासा लागायची शक्यता असेल तिथे नांगर घट्ट बांधून बसू नये. दोराला तरंगती बोंडी आणि झटक्यात सुटणारी फासगाठ ठेवावी. सुरी उजव्या हाताला, लाइफ जॅकेट अंगावर, दोरी मनगटाला कधीही नाही. कोकणात पहाटे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, म्हणजे मासा आणि वारा दोघेही एकाच बाजूला ओढतात. परतीला दुपारचे खारे वारे मदत करतील या भरवशावर किती लांब जायचं, ते निघतानाच ठरवावं.

घाटावर नदीत सराव करणाऱ्यांनी बंधाऱ्यापासून लांब राहावं. पंचगंगेकाठी अजूनही ऐकू येतं की डोहात साती आसरा माणसाला ओढतात. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी तळाशी जाऊन वर उसळतं आणि पृष्ठभागावरून पुन्हा बंधाऱ्याकडेच फिरतं. तरंगणारी वस्तू त्या फेऱ्यात अडकते, फेसाळ पाण्यात हवा असल्याने उत्प्लावक बलही कमी पडतं. नारळ वाहून हा फेरा थांबत नाही. अमावस्या-पौर्णिमेचंही तसंच. उधाणाने समुद्रात प्रवाह वाढतात, मासा हलतो, तिथे तिथी बघण्यात अर्थ आहे. राधानगरीच्या जलाशयात भरती-ओहोटी जाणवतच नाही, तरी तिथे काहीजण पंचांग बघून गळ टाकतात.

मासा सोडायचा असेल, विशेषतः नदीतला महाशीर, तर झुंज लांबवू नये. ३० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरला साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजनच मावतो, २० अंशांना नऊ. दमलेल्या माशाचं रक्त आम्लधर्मी झालेलं असतं, ते पूर्ववत व्हायला कित्येक तास जातात. पाण्याबाहेर न काढता गळ सोडवावा, तोंड प्रवाहाकडे करून धरावं आणि तो स्वतःहून निघाला की सोडावं.

खायला आणायचा असेल तर शेवटचा मीटर सगळ्यात धोक्याचा. सुरमईला वाताशय (तरंगायला मदत करणारी हवेची पिशवी) नसतो, तरी पाण्यात तिचं वजन जेमतेम अर्धा-पाऊण किलो जाणवतं. काठाबाहेर उचलली की पूर्ण बारा किलो, मध्यरेषेपासून ४५ सेंटिमीटरवर, म्हणजे एकदम साडेपाच किलो-मीटर, आणि वर आपण वाकलेले. उचलू नये, पलीकडचा पाय पाण्यात ठेवून, डोक्याकडून धरून, काठावरून मांडीवर सरकवून घ्यावी. दात गळाच्या तारेलाही ओरखडे पाडतात, तेव्हा बोटं तोंडापासून दूर. घाट चढण्याआधी रीळ गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवावं. जोराच्या फवाऱ्याने मीठ आत चकत्यांपर्यंत जातं. धुऊन झाल्यावर ड्रॅगचा नॉब पूर्ण सैल करून ठेवावा, नाहीतर दबून राहिलेल्या चकत्या पुढच्या खेपेला पहिल्याच धावेत चिकटून बसतात.