अमेरिकेची उसनी बुद्धी आणि मुंबई

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी कुशल परदेशी कामगारांना तात्पुरतं काम करू देणाऱ्या एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं आणि पवईपासून डोंबिवलीपर्यंत घराघरांत हिशेब सुरू झाले. रुपयांत ही रक्कम ८८ लाखांच्या आसपास जाते. शुल्क कंपनीने भरायचं असलं, तरी मुलांच्या शिक्षणासाठी घर गहाण टाकलेल्या आईवडिलांना त्याचा अर्थ लगेच कळला. हा व्हिसा म्हणजे परक्यांवरची मेहेरबानी, असं तिकडे सांगितलं जातं. इतिहास पाहिला तर मेहेरबानी कमी, गरज जास्त दिसते.

अणुबॉम्ब तयार करणाऱ्या मॅनहॅटन प्रकल्पातले एन्रिको फर्मी इटलीचे, हान्स बेथे जर्मनीचे, लिओ झिलार्ड आणि एडवर्ड टेलर हंगेरीचे. फॅसिस्ट राजवटींपासून निसटलेली ही माणसं होती. युद्धानंतर वेर्नर फॉन ब्राउन आणि त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांना अमेरिकेने स्वतःहून नेलं. माणसाला चंद्रावर पोहोचवणारं सॅटर्न-५ रॉकेट त्यांच्याच देखरेखीखाली घडलं. भारतीयांना मात्र तेव्हा दार जेमतेम किलकिलं होतं. १९४६ च्या कायद्याने कायम वास्तव्यासाठी वर्षाला अवघे १०० जण.

याच काळात संशयाचं वारंही सुटलं. कम्युनिस्ट असल्याच्या ठपक्यामुळे रॉकेटतज्ज्ञ छ्येन श्वेसेन पाच वर्षं अडकून पडले आणि १९५५ मध्ये चीनला परतले. तिथला क्षेपणास्त्र कार्यक्रम त्यांनी उभा केला. अशाच एका माणसाचा लाभ मुंबईलाही झाला, आणि तो प्रसंग आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही याची मला खंत वाटते. बर्नार्ड पीटर्स मूळचे जर्मन, डाखाऊच्या छळछावणीतून सुटून अमेरिकेत गेलेले भौतिकशास्त्रज्ञ. तिथे त्यांच्यावर राजकीय संशय घेतला गेला. १९५१ मध्ये ते होमी भाभांच्या टीआयएफआर या मूलभूत विज्ञानाच्या संशोधन संस्थेत आले. संस्था तेव्हा कुलाब्याला नव्हे, गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. फुग्यांना बांधून उंच आकाशात सोडलेल्या इमल्शनच्या, म्हणजे फोटोफिल्मसारखा लेप असलेल्या, प्लेट खाली आणायच्या, धुवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांच्या केसाएवढ्या खुणा शोधत बसायचं, असं ते काम. वैश्विक किरणांचे नामवंत अभ्यासक देवेंद्र लाल पीटर्स यांच्याच हाताखाली तयार झाले. पुढे भारत सरकारने पीटर्सना पद्मभूषण दिलं.

पवईची आयआयटीही परक्या मदतीवरच उभी राहिली. १९५८ मध्ये वर्ग वरळीला सुरू झाले. युनेस्कोमार्फत सोव्हिएत यंत्रं आणि प्राध्यापक आले. सात वर्षांनी, १९६५ मध्ये, अमेरिकेने देशवार कोट्याची जुनी पद्धत मोडली आणि कुशल माणसांना प्राधान्य दिलं. रशियन मदतीने आणि भारतीय करदात्याच्या पैशाने शिकलेली पोरं मग अमेरिकेच्या प्रयोगशाळांत रुजू झाली. शीतयुद्धातला याहून स्वस्त सौदा त्या देशाला क्वचितच मिळाला असेल.

सॉफ्टवेअरचा अध्याय नंतरचा. मुंबईत १९६८ मध्ये टीसीएस, १९७३ मध्ये अंधेरीचं सीप्झ हे निर्यात क्षेत्र. १९९० च्या कायद्यातून आजचा एच-१बी आला, वर्षाला ६५,००० ची मर्यादा घालून. २००० साल उजाडताच संगणक गोंधळतील ही वायटूकेची धास्ती आणि डॉटकॉम म्हणजे इंटरनेट कंपन्यांची भरती आली तेव्हा हीच मर्यादा वाढत वाढत २००१ ते २००३ या वर्षांसाठी १,९५,००० वर गेली. गरज सरताच पुन्हा ६५,०००. अमेरिकेत उच्च पदवी घेतलेल्यांसाठी वेगळे २०,०००. जागांपेक्षा अर्ज जास्त, म्हणून लॉटरी. २०२४ च्या आर्थिक वर्षात मंजूर अर्जांपैकी ७० टक्क्यांहून जास्त भारतीयांचे होते.

आज दार लोटलं जातंय तेव्हा बाकीचे देश गप्प बसलेले नाहीत. जुलै २०२३ मध्ये कॅनडाने अमेरिकेतल्या एच-१बीधारकांसाठी १०,००० वर्क परमिट खुले केले. दोन दिवसांत अर्ज भरून संपले. चीनने १ ऑक्टोबर २०२५ पासून तरुण विज्ञान-तंत्रज्ञांसाठी के-व्हिसा सुरू केला.