हिरव्या पाण्यातला लाल रंग

तारकर्ली-मालवणला स्कूबा करून आलेल्या बहुतेकांकडे एक व्हिडिओ असतो. पाणी हिरवं, माणसांचे चेहरे राखाडी-हिरवे, आणि खाली असताना ज्या माशाचे पिवळे पट्टे डोळ्यांना लख्ख दिसले होते तो शेवाळलेल्या काचेमागे असल्यासारखा. मग कॅमेऱ्याचं सेटिंग चुकलं असं ठरतं आणि यूट्यूबवर उपाय शोधला जातो. तिथे कुणीतरी मालदीवच्या निळ्याशार पाण्यात लाल फिल्टर लावून सुरेख रंग काढलेले असतात. पुढच्या खेपेला तोच फिल्टर मालवणात लावला की व्हिडिओ चहासारखा पिवळट येतो. फिल्टरही चांगला असतो आणि कॅमेराही. फक्त तो उपाय दुसऱ्या पाण्याचा असतो.

पाण्याच्या रेणूतले ऑक्सिजन-हायड्रोजन बंध सतत थरथरत असतात, आणि ही थरथर लाल प्रकाशाची ऊर्जा थोडी थोडी शोषून घेते. (हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असलेल्या जड पाण्यात हे शोषण अवरक्त पट्ट्यात सरकतं, म्हणून जड पाणी जवळजवळ रंगहीन असतं.) समजा, मासा ५ मीटर खोल आहे आणि कॅमेरा त्याच्यापासून २ मीटरवर. प्रकाश वरून माशापर्यंत ५ मीटर आला आणि माशावरून लेन्सपर्यंत आणखी २ मीटर गेला, म्हणजे एकूण ७ मीटर पाणी. अगदी शुद्ध पाण्यातसुद्धा एवढ्या वाटेत ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश सुमारे ९ टक्के उरतो, ५५० नॅनोमीटरचा हिरवा ६७ टक्के आणि ४५० नॅनोमीटरचा निळा ९४ टक्के. लालचा दहावा भागही पोचत नाही. डोळा-मेंदूची जोडी ही तूट मिनिटाभरात बऱ्यापैकी भरून काढते, म्हणून खाली असताना रंग ठीक वाटतात. कॅमेरा मात्र सेन्सरवर जे पडलं तेच लिहून ठेवतो.

याच हिशेबातून सगळ्यात स्वस्त उपायही निघतो. कॅमेरा २ मीटरवरून अर्ध्या मीटरवर नेला, की एकूण वाट साडेपाच मीटर होते आणि लाल प्रकाश ९ वरून १५ टक्क्यांवर जातो. एवढा फरक कुठल्याही मेनूतून मिळत नाही. शिवाय मधलं पाणी कमी झालं की त्यात तरंगणारे कणही कमी होतात आणि धूसरपणा जातो. मात्र फार जवळ गेलं तरी बिघडतं. बहुतेक अ‍ॅक्शन कॅमेऱ्यांचा फोकस कायम एकाच जागी ठेवलेला असतो आणि साधारण ३० सेंटिमीटरच्या आतलं धूसर येतं. पाण्यात सपाट काचेतून बघताना ४० सेंटिमीटरवरची वस्तू लेन्सला ३० सेंटिमीटरवर असल्यासारखी दिसते, कारण पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आहे. म्हणून अर्धा ते एक मीटर हे अंतर कामाचं.

आता कोकणचं पाणी. किनाऱ्यालगत वनस्पती-प्लवक (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) भरपूर असतात आणि त्यांचं हरितद्रव्य निळा प्रकाश खातं. कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून विरघळलेली पिवळट द्रव्यंही निळ्यावरच ताव मारतात, आणि देवबागला समुद्राला मिळणाऱ्या कर्ली नदीसारख्या नद्या-खाड्या गाळ आणून टाकतात. लाल पाण्यानं खाल्ला, निळा प्लवकांनी खाल्ला, मागे राहिला हिरवा. अंदमान-लक्षद्वीपच्या पाण्यात फक्त लाल कमी असतो. मालवणात दोन्ही टोकं कापलेली असतात. हा फरक समजला की पुढची सगळी सेटिंगं आपोआप उलगडतात.

व्हाइट बॅलन्स म्हणजे तीन रंगांच्या तराजूला हात लावणं. कमी पडलेल्या रंगाला गुणाकार करून बाकीच्यांच्या बरोबरीला आणायचं. लाल नव्वद टक्के गेला असेल तर उरलेल्याला दहानं गुणा. पण गुणाकारात सिग्नलबरोबर सेन्सरचा खरखराटही दहापट होतो, आणि खोलात ओढूनताणून आणलेला लाल म्हणूनच रवाळ, डागाळलेला दिसतो.

अ‍ॅक्शन कॅमेऱ्यांच्या मेनूत व्हाइट बॅलन्स केल्विनमध्ये असतो. केल्विनचा आकडा निळ्या-पिवळ्या रेषेवर सरकतो. आकडा वाढवला की चित्र उबदार होतं, म्हणून निळ्या पाण्यात ५५०० ते ६५०० केल्विन कामी येतो. हिरवा मात्र या रेषेवर नाहीच. त्याला हिरवा-मजेंटा (मजेंटा म्हणजे गुलाबी-जांभळा) ही दुसरी रेषा लागते, जिला टिंट म्हणतात, आणि गोप्रोसारख्या कॅमेऱ्यांच्या मेनूत ती दिलेली नसते. त्यामुळे मालवणच्या पाण्यात केल्विन कितीही फिरवला तरी हिरवेपणा जात नाही, चित्र हिरव्यातून पोपटी होतं एवढंच.

मग ऑटो ठेवावा का? पाच-सहा मीटरपर्यंत, उन्हात, ऑटो बऱ्यापैकी चालतो आणि पहिल्यांदाच पाण्यात उतरणाऱ्याने तोच ठेवावा. खोट एका ठिकाणी आहे. दृश्य बदललं की ऑटो आपलं मत बदलतो. समोरून मोठा मासा गेला किंवा कॅमेरा प्रवाळावरून मोकळ्या पाण्याकडे वळला, की चालू शॉटमध्येच रंग सरकतो आणि असा सरकता रंग एडिटिंगमध्ये दुरुस्त करणं अतिशय कटकटीचं असतं. नंतर रंग नीट बसवायचे असतील तर ५५०० केल्विनवर कुलूप लावा, किंवा गोप्रोत ‘नेटिव्ह’ (रंगात कॅमेऱ्याची ढवळाढवळ कमीत कमी) निवडा. चित्र वाईट दिसेल, पण शेवटपर्यंत सारखंच वाईट दिसेल, आणि सारखेपणा असला की दुरुस्ती एकदाच करावी लागते.

बाकीची सेटिंगं होडीवर चढण्यापूर्वी करून ठेवायची, कारण पाण्याखाली टचस्क्रीन चालत नाही. ४के, २५ किंवा ३० फ्रेम पुरेत. ६० फ्रेमला प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला निम्माच वेळ येतो आणि गढूळ पाण्यात उजेडाची चणचण आधीच असते. आयएसओ (सेन्सरची उजेडाबाबतची संवेदनशीलता) किमान १००, कमाल ८००. शटर (फ्रेमला उजेड किती वेळ मिळतो ते) ऑटोवरच ठेवा. या कॅमेऱ्यांच्या लेन्सचं छिद्र ठरलेलं असतं, त्यामुळे शटरही १/६० ला बांधलं तर उथळ पाण्यातल्या उन्हात चित्र पांढरंफटक पडतं. एक्सपोजर अर्धा स्टॉप खाली, म्हणजे उणे ०.५ (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). हिरव्या पाण्यात हिरवा रंग सगळ्यात आधी भरून वाहतो आणि एकदा वाहून गेलेला तपशील परत येत नाही. शार्पनेस ‘लो’ ठेवा. ‘हाय’ ठेवला तर पाण्यातला प्रत्येक कण कडा कोरल्यासारखा उठून दिसतो. बिटरेट (दर सेकंदाला साठवली जाणारी माहिती) सर्वांत वरचा, आणि सोय असेल तर १०-बिट: ८-बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १०-बिटमध्ये १०२४. लाल ताणायची वेळ येते तेव्हा या जास्तीच्या पायऱ्यांमुळेच रंगांचे पट्टे पडत नाहीत.

फिल्टर रंग निर्माण करत नाही, जास्त असलेला रंग कापतो. लाल फिल्टर निळा-हिरवट प्रकाश अडवतो, म्हणून तो निळ्या समुद्रासाठी. मालवणात निळा आधीच कमी, त्यातून उरलासुरला काढला की पिवळा चहा तयार. इथे मजेंटा फिल्टर लागतो, कारण तो हिरवा कापतो आणि लाल-निळ्याला वाट देतो. ३ मीटरपेक्षा उथळ पाण्यात कुठलाही फिल्टर नको, चित्र रंगात बुचकळून काढल्यासारखं होतं. फिल्टर एक ते दीड स्टॉप उजेडही घेतो, त्यामुळे ढगाळ दिवशी किंवा पाणी फारच गढूळ असताना तो काढलेला बरा. आणि तो पाण्यात उतरल्यावरच लावा. वर लावला तर लेन्स आणि फिल्टरमध्ये हवेचा बुडबुडा अडकतो आणि चित्राच्या कोपऱ्यात चकाकता अर्धगोल येतो.

टॉर्च वापरणार असाल तर फिल्टर काढा. टॉर्चचा प्रकाश पूर्ण रंगांचा असतो, त्यात लाल भरपूर असतो आणि तो टॉर्च ते मासा आणि मासा ते लेन्स एवढीच वाट कापतो. फिल्टर तसाच राहिला तर जवळचा दगड लालभडक आणि मागचं पाणी हिरवं येतं. व्हाइट बॅलन्स ५५०० केल्विनवर. टॉर्च लेन्सच्या शेजारी चिकटवून ठेवू नका. गढूळ पाण्यातले कण सरळ आलेला प्रकाश सरळ परत फेकतात आणि पडद्यावर पांढरा पाऊस पडतो, जसा धुक्यात गाडीचे अप्पर दिवे लावल्यावर समोर भिंत उभी राहते. दिवा हातभर बाजूला धरून थोडा बाहेरच्या दिशेला वळवला की प्रकाशाची फक्त कड माशावर पडते आणि लेन्ससमोरचं पाणी अंधारात राहतं.

सोबत एक पांढरी प्लास्टिकची पाटी ठेवा, डायव्हर लिहायला वापरतात तीच. दर ३-४ मीटर खोलीला, माशाच्या अंतरावर ती धरून ३ सेकंद चित्रित करा. हीच पुढे एडिटिंगमध्ये खरा पांढरा दाखवते. वाळूवर विसंबू नका, कोकणची वाळू मुळातच तपकिरी झाक असलेली असते. सिलिंडरच्या फ्लुओरोसंट नारंगी पट्ट्यावर तर मुळीच नाही. तो निळा-हिरवा प्रकाश शोषून स्वतःच नारंगी प्रकाश बाहेर टाकतो, म्हणून १५ मीटरवरही तेजस्वी दिसतो आणि साफ चुकीची साक्ष देतो.

एडिटिंगमध्ये, उदाहरणार्थ फुकट मिळणाऱ्या दाविंची रिझॉल्व्हमध्ये, आधी ड्रॉपरने (रंग उचलणाऱ्या साधनाने) पाटीवर पांढरा निवडा. मग टिंट मजेंटाकडे न्या. तरीही लाल अपुरा वाटला तर आरजीबी मिक्सरमध्ये (लाल, हिरवा, निळा वेगवेगळे हाताळणाऱ्या साधनात) लाल वाहिनीत थोडा हिरवा मिसळा. हिरव्या वाहिनीत तपशील शाबूत असतो आणि खरखराट कमी, म्हणून हा उसना लाल निव्वळ ताणलेल्या लालपेक्षा स्वच्छ दिसतो. कॉन्ट्रास्ट सगळ्यात शेवटी.

एक अडचण तरीही उरते: जवळच्या माशाला बसणारी दुरुस्ती मागच्या खडकाला बसत नाही, कारण दोघांच्या वाटेतलं पाणी वेगळं. २०१९ मध्ये देरिया अक्कायनाक आणि ताली ट्रायबित्झ या संशोधकांनी मांडलेल्या ‘सी-थ्रू’ पद्धतीचा गाभा हाच आहे. प्रत्येक बिंदू कॅमेऱ्यापासून किती दूर आहे हे काढायचं आणि त्या अंतरापुरतं पाणी त्या बिंदूवरून वजा करायचं. घरच्या एडिटिंगमध्ये याची साधी नक्कल म्हणजे माशाभोवती मास्क (दुरुस्ती तेवढ्याच भागाला लावणारी आखणी) लावून त्यालाच पूर्ण दुरुस्ती देणं, आणि मागचं पाणी हिरवंच राहू देणं. ते निळं करायचा हट्ट धरू नये. मालवणचा समुद्र हिरवाच आहे आणि तसाच छान दिसतो.

रंग साधले तरी दोन गोष्टी शॉट घालवतात. पहिली धुकं. गोप्रो हीरो ९ ते १३ वेगळ्या जलरोधक पेटीशिवाय १० मीटरपर्यंत चालतात, त्याखाली ६० मीटरची पेटी लागते. भर किनाऱ्यावर ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेत पेटी बंद केली, तर आतल्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला बाष्पाचं दव होऊ लागतं तो) सुमारे २८ अंश असतो. २६ अंशांच्या पाण्यात शिरताच काचेवर आतून दव धरतं. तीच पेटी रात्री एसीच्या खोलीत, २४ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत बंद केली तर दवबिंदू १३ अंशांवर येतो आणि काच कोरडी राहते. दुसरी गोष्ट, रबरी सीलवरचा एखादा केस किंवा वाळूचा कण. दार बंद करण्यापूर्वी सीलवरून उजेडात बोट फिरवून बघा, ते जाणवतं. वर आल्यावर कॅमेरा बंद अवस्थेतच गोड्या पाण्याच्या बादलीत १५ मिनिटं बुडवून ठेवा, बटणं दाबून खारं पाणी निघू द्या, पूर्ण पुसा, आणि मगच दार उघडून कार्ड काढा.