कॅमेऱ्यावरची बोटं आणि छातीवरचा स्वेटर

थंडीत फोटो काढायला निघालेल्याला सगळे एकच सल्ला देतात: चांगले, जाड हातमोजे घे. मग त्यातले प्रकार सुरू होतात. बोटांची टोकं उघडी ठेवणारे, टोकावर झाकण असलेले, आत पातळ आणि वर जाड अशी जोडी, बॅटरीवर तापणारे. सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. उत्तम हातमोजे घालूनही पंधरा-वीस मिनिटांत बोटं लाकडासारखी होतात, शटरचं बटण अर्धं दाबलं की पूर्ण हे कळेनासं होतं, आणि माणूस आणखी महागडे हातमोजे शोधू लागतो. खरं तर त्याने आपल्या छातीकडे आणि पोटाकडे पाहायला हवं.

हातमोजा उष्णता तयार करत नाही, असलेली उष्णता बाहेर जायला उशीर लावतो. मग बोटात उष्णता येते कुठून? उजव्या हाताने डावा हात कोपराच्या जरा खाली घट्ट धरा आणि डाव्या हाताची बोटं पियानो वाजवल्यासारखी हलवा. तळव्याखाली स्नायू सरकताना जाणवतील. बोटं वाकवणारे आणि सरळ करणारे मोठे स्नायू तिथे, कोपर आणि मनगटाच्या मध्ये आहेत. तिथून निघालेले कंडरे, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर, मनगट ओलांडून बोटांत पोहोचतात. खुद्द बोटात हाडं, कंडरे, थोडी चरबी आणि त्वचा एवढंच आहे. शरीरात उष्णतेचा मोठा वाटा स्नायू आणि यकृतासारखे अवयव उचलतात, आणि बोटात त्यातलं काहीच नाही. बोटाला मिळणारी जवळजवळ सगळी ऊब रक्तासोबत येते. रक्ताचा पुरवठा आटला, तर कितीही जाड हातमोजा घाला, आत राखण्यासारखं फारसं काही उरत नाही.

आणि हा पुरवठा आटतो तो शरीराच्या स्वतःच्या आज्ञेने.

रक्त रोहिणीतून केशवाहिन्यांत आणि तिथून नीलेत जातं, हे शाळेत शिकलेलं असतं. बोटांत, तळव्यात, पायांच्या बोटांत, नाकाच्या शेंड्यावर आणि कानांवर याशिवाय आणखी एक वाट असते. छोटी रोहिणी केशवाहिन्यांना वगळून थेट नीलेला जोडलेली असते. या जोडवाहिन्या म्हणजे गावात न शिरता पुढे जाणारा बायपासच. पेशींना प्राणवायू किंवा अन्न पोहोचवणं हे त्यांचं काम नाही. त्या आहेत केवळ उष्णता बाहेर टाकण्यासाठी. नखाखालच्या त्वचेत दर चौरस सेंटिमीटरला त्या पाचशेच्या आसपास असतात, हाताच्या पाठीवर मात्र जवळपास नसतातच.

आता त्यांचं गणित पाहा. केशवाहिनीचा व्यास साधारण ८ मायक्रोमीटर, तर उघडलेली जोडवाहिनी सहज ४० मायक्रोमीटरची, म्हणजे पाचपट रुंद. पण अरुंद नळीतून वाहणारा द्रव व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. लांबी आणि दाब तेच धरले, तर पाचाचा चौथा घात, म्हणजे ६२५ पट प्रवाह! त्यामुळे बोटातला रक्तप्रवाह ज्या प्रमाणात कमी-जास्त होऊ शकतो, तसा फार थोड्या अवयवांत होतो. दर १०० मिलिलिटर ऊतीमागे तो मिनिटाला एक मिलिलिटरहूनही खाली जातो आणि ऐंशी-नव्वद मिलिलिटरपर्यंत वर चढतो.

या वाहिन्यांच्या भिंतीत स्नायूंचा जाड थर असतो आणि त्यावर अनुकंपी चेतातंतूंचं, म्हणजे आपल्या इच्छेविना काम करणाऱ्या नसांचं, दाट जाळं. संदेश आला की चेतातंतूंच्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हे रसायन सुटतं, स्नायू आवळतो, वाट बंद होते. आरामशीर तापमानात बसलेल्या माणसात हे झाकणं-उघडणं मिनिटाला दोन-तीनदा चालूच असतं, आणि तेही दोन्ही हातांत एकाच वेळी. म्हणजे आज्ञा बोटांतून सुटत नाही, मेंदूतून सुटते. तिथल्या हायपोथॅलॅमसचं, म्हणजे शरीराचं तापमान सांभाळणाऱ्या भागाचं, लक्ष असतं ते मुख्यतः शरीराच्या गाभ्याकडे आणि एकूण त्वचेकडे. गाभ्यातून उष्णता जास्त निसटते आहे असा अंदाज आला, की तो जोडवाहिन्या मिटवून टाकतो. हृदय, मेंदू, यकृत ३७ अंशांच्या आसपास राहिले पाहिजेत; बोटं १५ अंशांवर उतरली तरी तासन् तास तग धरतात. जीव वाचवण्यासाठी हा सौदा अगदी योग्य आहे. फोटो काढणाऱ्याला तेवढाच गैरसोयीचा.

इथेच आणखी एक करामत घडते. जोडवाहिन्या उघड्या असताना परतीचं गरम रक्त त्वचेलगतच्या नीलांमधून वर जातं आणि अख्खा हात ऊबदार ठेवतं. त्या मिटल्या की परतीचं रक्त खोलवरच्या नीलांकडे वळतं, आणि या नीला रोहिणीला अगदी चिकटून असतात. खाली येणारं गरम रक्त आपली उष्णता शेजारून वर जाणाऱ्या थंड रक्ताला देऊन टाकतं. उष्णता वाटेतूनच माघारी फिरते आणि बोटांपर्यंत जे थोडंफार रक्त पोहोचतं तेही आधीच गार झालेलं असतं. याला प्रतिप्रवाह उष्णता-विनिमय म्हणतात. बर्फावर उभ्या राहणाऱ्या पक्ष्यांच्या पायांतही हेच तत्त्व आहे.

आता कॅमेरा घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे पाहू. चढण चढताना त्याचं शरीर तीनशे वॉट किंवा त्याहून अधिक उष्णता तयार करत होतं, तेव्हा बोटं छान गरम होती. जागेवर पोहोचून तिपाई लावली, प्रकाशाची वाट पाहत उभा राहिला, की हाच आकडा शंभर-सव्वाशेवर येतो. त्यात चढताना आलेला घाम आतल्या कपड्यात मुरलेला. एक ग्रॅम घाम वाळताना जवळपास २,४०० ज्यूल उष्णता घेऊन जातो. धड गार पडू लागतं, आज्ञा सुटते, जोडवाहिन्या मिटतात. त्याला वाटतं हातमोजे कुचकामी आहेत.

भरीस भर म्हणून कॅमेरा डोळ्याला लावताना हात हृदयाच्या वर जातात. ३० सेंटिमीटर वर गेलेल्या हातात रक्तदाब सुमारे २३ मिलिमीटर पाऱ्याने कमी होतो. आधीच आवळलेल्या वाहिन्यांना ही घट नक्कीच सोसत नाही. म्हणून दोन फोटोंच्या मधल्या वेळात हात खाली सोडून ठेवावेत.

मग करायचं काय? थंडी वाजायच्या आधी धड गरम करायचं. जागेवर पोहोचल्या पोहोचल्या, अंग अजून तापलेलं असतानाच, घामेजलेला आतला कपडा बदलून वर जाड जाकीट चढवायचं. गळा आणि मनगटं झाकायची, कारण तिथे रोहिण्या त्वचेच्या अगदी जवळून जातात. कॅनडात सैन्यासाठी झालेल्या प्रयोगांत शून्याखालच्या हवेत फक्त धड बाहेरून तापवलं, तर उघडी बोटंसुद्धा ऊबदार राहू शकतात असं दिसून आलं. बोटांना काही न करता! शरीराला उष्णता जास्त झाली की ती टाकून देण्याचे रस्ते उघडतातच, आणि ते रस्ते बोटांत आहेत.

याचा अर्थ हातमोजे फेकून द्या असा नाही. उणे तापमानात आणि वाऱ्यात उघडी त्वचा गोठू शकते. फक्त त्यांच्या मर्यादेमागची भूमिती लक्षात घ्या. १६ मिलिमीटर जाडीच्या बोटाभोवती सगळीकडून ८ मिलिमीटरचं अस्तर घातलं, तर हवेला भिडणारा पृष्ठभाग दुप्पट होतो. पाठीवर तेवढंच अस्तर घातलं तर पृष्ठभाग जवळपास तेवढाच राहतो. म्हणून बोटाभोवती जाडी वाढवत गेलं की फायदा घटत जातो. चार बोटं एकाच कप्प्यात ठेवणारे हातमोजे इथे जिंकतात, कारण चौघांचा मिळून बाहेरचा पृष्ठभाग कमी पडतो. हातमोजे घट्ट मात्र नकोत. तंतूंमध्ये अडकलेली स्थिर हवा हेच खरं अस्तर असतं, आणि दाबलेल्या हातमोज्यात ती उरत नाही.

धातूचा प्रश्न वेगळा. हर्बर्ट पाँटिंग हा ब्रिटिश शोधक रॉबर्ट स्कॉटच्या १९१०–१३च्या अंटार्क्टिक मोहिमेचा छायाचित्रकार. फोकस करताना ओठ ओले करायला गेला आणि जीभ कॅमेऱ्याच्या धातूला चिकटली. ती ओढून काढताना शेंड्याची कातडी धातूवरच राहिली. धातू आणि प्लॅस्टिक दोन्ही उणे ५ अंशांवर असले तरी धातू जास्त गार लागतो. दोन वस्तू भिडल्या की स्पर्शाच्या जागी कोणतं तापमान येणार, हे प्रत्येकीच्या उष्णतावहन, घनता आणि विशिष्ट उष्मा (ठराविक वजनाची वस्तू एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता) यांच्या गुणाकाराच्या वर्गमूळावर ठरतं. ज्याचं वर्गमूळ मोठं, त्याच्या बाजूला तापमान झुकतं. त्वचेसाठी ही राशी साधारण १,२००, अ‍ॅल्युमिनियमसाठी २४,०००, प्लॅस्टिकसाठी ५५०. त्वचा ३० अंश आणि कॅमेरा उणे ५ धरला, तर प्लॅस्टिकला भिडलेल्या त्वचेचा पृष्ठभाग पहिल्या क्षणी १९ अंशांवर येतो, भरीव अ‍ॅल्युमिनियमला भिडलेला मात्र उणे ३ वर! कॅमेऱ्याचं कवच पातळ असतं, वर रंग किंवा रबर असतं, म्हणून प्रत्यक्षात इतकं टोक गाठलं जात नाही. पण तिपाईचे उघडे धातूचे पाय हे टोक गाठतात. त्यांच्यावर फोम गुंडाळा. पातळ आतला हातमोजा कधीच न काढण्याचं कारणही हेच.

बोटं बधिर झालीच, तर दंड ताठ ठेवून हात जोरात गोल फिरवा. गिर्यारोहक हे करतात आणि त्यामागे पक्कं भौतिकशास्त्र आहे. खांद्यापासून ७० सेंटिमीटरवरच्या बोटाला सेकंदाला एका फेरीत गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास २.८ पट त्वरण मिळतं आणि बोटाच्या टोकाशी रक्तदाब सुमारे ७५ मिलिमीटर पाऱ्याने वाढतो. वेग दुप्पट केला तर ही वाढ चौपट. फुंकर मारण्याचा उपाय मात्र उलटतो: श्वासातली वाफ हातमोज्यात थिजून तो ओला करते. बर्फ चोळणं तर सरळ घातक आहे.

दारूचे दोन घोट घेतले की बोटं गरम होतात, हे खरं आहे. जोडवाहिन्या उघडतात, म्हणूनच तसं वाटतं. पण त्याच वेळी गाभ्यातली उष्णता बाहेर वाहून जात असते, आणि तीही ऊब आल्याच्या भ्रमात. डोक्यातून शरीराची निम्मी उष्णता जाते, हाही असाच पसरलेला समज. डोकं शरीराच्या पृष्ठभागाच्या दहाएक टक्के आहे आणि उष्णताही साधारण त्याच प्रमाणात जाते. टोपी घालाच, पण त्या आकड्यावर विश्वास ठेवून जाकीट पातळ करू नका. रक्ताभिसरण वाढवणारी तांब्याची कडी आणि चुंबकाचे पट्टे यांना तर काहीच आधार नाही. जोडवाहिन्यांना आज्ञा देणाऱ्या चेतातंतूंवर त्यांचा कसला परिणाम व्हावा? शरीराची उष्णता परत पाठवणाऱ्या चकचकीत अस्तराचंही तसंच. परावर्तनाला समोर मोकळी जागा लागते. दोन कापडांमध्ये दाबून बसवलेल्या पत्र्यातून उष्णता वहनाने आरामात निघून जाते.

तापणाऱ्या पुड्या मात्र प्रामाणिक रसायनशास्त्र आहेत. त्यांत लोखंडाची पूड, मीठ, कोळसा आणि थोडं पाणी असतं. लोखंड गंजतं आणि गंजताना ग्रॅममागे सात हजारांहून अधिक ज्यूल सोडतं. त्याला हवा लागते, म्हणून घट्ट हातमोज्यात कोंबलेली पुडी विझल्यासारखी होते. एक पुडी मनगटाच्या आतल्या बाजूला आणि दोन आतल्या कपड्यावरून पोटाशी ठेवा. कॅमेऱ्याची जादा बॅटरीही या पुड्यांजवळच्या आतल्या खिशात ठेवा. थंडीत तिच्यातली रासायनिक क्रिया मंदावते, ऊब मिळाली की ती पुन्हा चालते.

आणखी एक गोष्ट. १९३०मध्ये ब्रिटिश डॉक्टर थॉमस लुइस यांनी बर्फाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटांचं तापमान मोजलं, तेव्हा ते पाच-दहा मिनिटांनी आपोआप थोडं वर चढलं, पुन्हा उतरलं, पुन्हा चढलं. अति गारव्यात वाहिनीच्या भिंतीचा आवळलेला स्नायूच सैल पडतो, असं याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. हा चढउतार प्रत्येकात सारखा नसतो. धड गारठलेलं असेल तर तो दबतोही. काहींची बोटं तर किरकोळ थंडीतही पांढरीफटक, मग निळी, मग लाल होतात. फ्रेंच डॉक्टर मोरिस रेनो यांनी १८६२मध्ये वर्णन केलेला हा विकार आहे. धूम्रपानाने आणि रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या काही बीटा-ब्लॉकर गोळ्यांनी तो बळावतो. अशांनी नवे हातमोजे घेण्याआधी डॉक्टरांना भेटावं.