विंडोज पुन्हा टाकण्यासाठी रिकव्हरी पेनड्राईव्ह: पात्रता, कागदपत्रं आणि प्रक्रिया

उत्पन्नाचा दाखला आपण कधी काढतो? प्रवेशाची शेवटची तारीख तोंडावर आली की. मग सेतूत रांग, सर्व्हर डाऊन आणि धावपळ. रिकव्हरी पेनड्राईव्हचंही तेच होतं. लॅपटॉप निळा पडदा दाखवून बसला की त्याची आठवण येते, आणि तो ज्या लॅपटॉपवर बनवायचा तोच तेव्हा बंद असतो. म्हणून हे सगळं मशीन धडधाकट असताना वाचा आणि करून ठेवा. शुल्क काही नाही. मायक्रोसॉफ्टची दोन्ही साधनं फुकट आहेत, खर्च फक्त पेनड्राईव्हचा.

आधी कोणता ते ठरवा

लोक दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतात. पहिला खरा ‘रिकव्हरी ड्राईव्ह’. विंडोजमध्येच असलेलं साधन तो तुमच्या चालू मशीनवरून बनवतं, म्हणून त्यात तुमच्या लॅपटॉपचे बरेचसे ड्रायव्हर (वाय-फाय, टचपॅड असे भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम) येतात. दुसरा ‘इन्स्टॉलेशन मीडिया’. हा मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून मीडिया क्रिएशन टूल उतरवून, कुठल्याही चालू विंडोज संगणकावर बनतो. त्यात कोरं विंडोज असतं, तुमच्या मशीनचं खास असं काही नसतं.

एकच बनवायचा असेल तर मी दुसरा बनवायला सांगेन. तो घरातल्या त्या विंडोजला पात्र असलेल्या सगळ्या मशीनना चालतो आणि लॅपटॉप मेल्यावरही शेजाऱ्याकडे जाऊन बनवता येतो. पहिला हाताशी असेल तर काम सोपं होतं, एवढंच. दोन्हींत तुमचे फोटो, फाईली किंवा टाकलेले प्रोग्रॅम मात्र जात नाहीत. ‘रिकव्हरी’ या शब्दावर विसंबून बॅकअप न घेतलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यांची समजूत काढणं अवघड जातं.

तिसरी वाट कंपनीची. डेल, एचपी आणि लेनोव्हो आपापल्या लॅपटॉपसाठी मूळ विंडोज ड्रायव्हरसकट देतात. तिथे ओळखपत्र म्हणजे लॅपटॉपच्या पाठीवरचा क्रमांक: डेलचा सात अक्षरी सर्व्हिस टॅग, लेनोव्होचा सीरियल नंबर. पाठीवरचं लेबल घासून पुसट होतं, तेव्हा आजच त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

पात्रता

पेनड्राईव्हची पात्रता साधी आहे. मीडिया क्रिएशन टूलला किमान ८ जीबीचा लागतो. रिकव्हरी ड्राईव्हसाठी १६ जीबी धरा, ३२ असेल तर उत्तम. त्यात जे काही असेल ते पुसलं जाणार, त्यामुळे मुलीच्या प्रोजेक्टचा किंवा लग्नाच्या व्हिडिओचा पेनड्राईव्ह घेऊ नका.

संगणकाची पात्रता जास्त कडक. विंडोज ११ ला ६४-बिट प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) करू शकणारं यूईएफआय (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) आणि टीपीएम २.० (किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप) लागतं. प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा, एएमडीचा असेल तर साधारण रायझन २००० मालिकेपासून पुढचा. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट, म्हणजे नेहमीचे सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुन्या मशीनवर ते पुन्हा टाकता येतं आणि चालतंही, पण बँकेचे व्यवहार त्यावर करण्याआधी दोनदा विचार करा.

टीपीएम नाही असं दिसलं तर लगेच मशीन भंगारात काढू नका. कित्येकदा ते बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, नुसतं बंद ठेवलेलं असतं. इंटेलवर ते पीटीटी या नावाने सापडतं, एएमडीवर एफटीपीएम.

कागदपत्रं

पेनड्राईव्ह तासाभरात बनतो. माणसं अडकतात ती इथे.

*लायसन्स.* विंडोज ८ च्या काळापासून कंपनीने विंडोज घालून विकलेल्या लॅपटॉपची २५ अक्षरी की मदरबोर्डमध्येच असते. इन्स्टॉलर की मागेल तेव्हा ‘माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही’ हा पर्याय निवडायचा, पुढे इंटरनेट मिळालं की विंडोज स्वतःच ॲक्टिव्हेट होतं. अट एकच, आवृत्ती तीच हवी. लॅपटॉप होमचा असताना कुणी ‘चांगलं म्हणून’ प्रो टाकून दिलं, तर कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ कायमचं बसतं. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट, इथे तुमची आवृत्ती दिसते. लिहून ठेवा. मदरबोर्ड बदलला तर हे नातं तुटू शकतं, हेही लक्षात असू द्या.

*मायक्रोसॉफ्ट खातं.* लॅपटॉपसोबत मिळालेलं ऑफिस ज्या खात्यावर पहिल्यांदा चालू झालं त्याच खात्याला बांधलेलं असतं. आपल्याकडे गंमत अशी की नवा लॅपटॉप दुकानातला मुलगाच ‘सेट करून’ देतो, आणि खातं कुठल्या ईमेलवर उघडलं ते कुणालाच आठवत नाही. फॉरमॅटनंतर ऑफिस पैसे मागायला लागतं ते यामुळे. आताच वर्डमध्ये फाईल, मग अकाउंट उघडा आणि तिथला ईमेल तपासा. पासवर्डही एकदा घालून बघा.

*बिटलॉकरची किल्ली.* बिटलॉकर म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय. तिची किल्ली हे सगळ्यात महत्त्वाचं कागदपत्र, आणि बहुतेकांना ते आपल्याकडे आहे हेच माहीत नसतं. विंडोज ११ च्या नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की ड्राईव्ह आपोआप कुलूपबंद होतो, होम आवृत्तीतही. २४एच२ आवृत्तीपासून तर कोऱ्या इन्स्टॉलनंतर हे सर्रास होतं. एरवी काही जाणवत नाही. बायोस अपडेट झालं, सिक्युअर बूटची सेटिंग बदलली किंवा डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली, की पडदा ४८ अंकी किल्ली मागतो. सहा-सहा अंकांचे आठ गट. ही किल्ली मायक्रोसॉफ्ट खात्याच्या संकेतस्थळावर, त्या संगणकाच्या नावाखाली ठेवलेली असते. खातं दुकानातल्या मुलाचं असेल तर किल्लीही त्याच्याकडे. हरवलेली किल्ली मायक्रोसॉफ्टसुद्धा नव्याने करून देऊ शकत नाही. डिस्क पूर्ण पुसायची असेल तर ती लागत नाही. आतला डेटा आधी बाहेर काढायचा असेल तर तिच्यावाचून गत्यंतर नाही. कागदावर उतरवा आणि रेशनकार्डाच्या फाईलमध्ये ठेवा. लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर ठेवलेली किल्ली म्हणजे कपाटाची किल्ली कपाटातच.

*व्यवसायाची कागदपत्रं.* टॅली वापरत असाल तर पुसण्याआधी लायसन्स सरेंडर करा, नंतर पुन्हा ॲक्टिव्हेट करायला अडचण येत नाही. डिजिटल सिग्नेचरच्या टोकनमधलं प्रमाणपत्र टोकनमध्येच राहतं, फक्त ड्रायव्हर पुन्हा टाकावा लागतो. आपले सरकार केंद्र चालवणाऱ्यांना अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस नव्याने बसवावी लागेल. आणि डीटीपीवाल्यांनो, फॉन्ट! जुन्या निमंत्रणपत्रिका, संस्थेची घटना, दहा वर्षांची इतिवृत्तं जर श्रीलिपीत, कृतीदेवमध्ये किंवा शिवाजीत टाइप केलेली असतील, तर ते फॉन्ट सी ड्राईव्हवरच्या विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरसोबत पुसले जातील. फाईल उघडेल, पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसेल. ते फोल्डर आधी बाहेर कॉपी करून घ्या.

बनवण्याची प्रक्रिया

रिकव्हरी ड्राईव्हसाठी स्टार्टमध्ये ‘रिकव्हरी ड्राईव्ह’ शोधा, परवानगी द्या. सिस्टिम फाईलींचा बॅकअप घेण्याच्या चौकटीतली खूण ठेवा. ती काढली तर त्या पेनड्राईव्हवरून दुरुस्ती जमेल, पण विंडोज पुन्हा टाकता येणार नाही. पेनड्राईव्ह निवडा, ‘क्रिएट’ दाबा, चार्जर लावा आणि जेवून घ्या. हे काम हळू चालतं. वर्षातून एकदा नव्याने बनवावा, कारण विंडोज मधल्या काळात बदलत राहतं.

इन्स्टॉलेशन मीडियासाठी टूल मायक्रोसॉफ्टच्याच पानावरून घ्या. शोधयंत्रात वर येणाऱ्या जाहिरातीवरून नको. अटी मान्य करा, भाषा निवडा, ‘यूएसबी फ्लॅश ड्राईव्ह’ निवडा. कित्येक जीबी उतरतात, त्यामुळे मोबाईलच्या नेटवर असाल तर दिवसाचा डेटा बघून बसा. भाषांच्या यादीत मराठी दिसणार नाही. विंडोजमध्ये मराठी ही इंग्रजीवर चढवायची भाषा आहे, ती नंतर टाकायची.

बनवून झाल्यावर त्याच वेळी एक लेबल लावा. आणखी कोरा पेनड्राईव्ह असेल तर इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर (डिस्क ओळखायला लागणारा), वाय-फायचा ड्रायव्हर आणि टचपॅडचा ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या पानावरून उतरवून ठेवा. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपवर व्हीएमडी ही डिस्क सांभाळणारी इंटेलची सोय चालू असते आणि इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. यादी रिकामी. लोक घाबरून नवी एसएसडी आणायला निघतात. ‘लोड ड्रायव्हर’ दाबून तो आरएसटी ड्रायव्हर दाखवला की डिस्क समोर येते. झिप फाईल आधी सोडवून ठेवा, नाहीतर इन्स्टॉलरला आत काही सापडत नाही.

वापरताना

विंडोज सलग काही वेळा उठलं नाही तर दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो, तिथून ‘रिसेट धिस पीसी’ करून पाहणं पहिलं. त्यात फाईली ठेवायचा पर्यायही आहे. पण त्या पडद्यावर सगळी भिस्त ठेवू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज ११ च्या एका अपडेटनंतर याच पडद्यावर यूएसबीचे कीबोर्ड आणि माउस चालेनासे झाले होते, मायक्रोसॉफ्टला काही दिवसांतच तातडीची दुरुस्ती काढावी लागली.

पेनड्राईव्हवरून सुरू करायला पॉवरचं बटण दाबताच कीबोर्डवरची कळ थांबून थांबून दाबत राहायची: डेल आणि लेनोव्होला बहुधा एफ१२, एचपीला एफ९, असूसच्या लॅपटॉपला एस्केप. एसरला एफ१२ चालते, पण आधी बायोसमध्ये बूट मेन्यू चालू करावा लागू शकतो. यादीत पेनड्राईव्ह दोनदा दिसला तर यूईएफआय लिहिलेली ओळ निवडा.

आता सगळ्यात जपून करायचं पाऊल. डिस्क निवडायच्या पडद्यावर सी, डी अशी नावं नसतात. ‘डिस्क ०, पार्टिशन ३’ असं असतं. डी ड्राईव्हवर डेटा ठेवायची आपल्याकडे जुनी सवय, आणि इथे सगळी पार्टिशनं पुसली की डी पण गेला. नव्या इन्स्टॉलरमध्ये ‘सगळं पुसलं जाईल’ याला आधीच होकार द्यावा लागतो, तोही वाचून द्या. पार्टिशन आकारावरून ओळखा, म्हणून सी किती जीबीचा आणि डी किती जीबीचा हे आधी टिपून ठेवा. बाहेरची हार्डडिस्क काढून ठेवा. शंका असेल तर डी चा डेटा आधी दुसरीकडे हलवा. डी वरही बिटलॉकर असेल तर नव्या विंडोजमध्ये त्याची वेगळी किल्ली लागेल.

पुढे विंडोज ११ होम इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट खातं मागतं. वाय-फाय दिसत नसेल तर मोबाईल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, बहुतेक वेळा काम होतं. आत गेल्यावर विंडोज अपडेट दोन-तीनदा चालवा, ॲक्टिव्हेशन तपासा. मग भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा. २०१९ पासून मराठीचा फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच आहे. फॉन्ट परत टाका आणि जुनी एखादी निमंत्रणपत्रिका उघडून अक्षरं नीट दिसतात का ते बघा.