प्लस सातच्या पुढे काय होतं

फोंडा-म्हापशाकडची मुलं मोबाइलवर खेळताना 'प्लस सात झालं', 'आठला फुटलं' असं बोलतात, तेव्हा घरच्यांना त्यातलं अक्षर कळत नाही. प्रकार असा. तलवारीवर मंत्र चढवायचा. लागू पडला तर तिची ताकद एक पायरी वर जाते (सात पायऱ्या चढली की 'प्लस सात'), फसला तर काही खेळांत तलवारच नाहीशी होते. ही पद्धत कुठून आली ते पाहताना मला एकच गोष्ट महत्त्वाची वाटते: यशाची शक्यता किती, हे खेळणाऱ्याला ठाऊक असतं का?

1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून खेळायचा साहसाचा खेळ आला. अधिक एक, अधिक दोन अशा जादुई तलवारी त्यात होत्या. कोणती हाती लागणार ते फासे टाकून, पुस्तकातल्या तक्त्यावरून ठरायचं. तक्ता छापील, ज्याला हवा त्याने वाचावा. पुढे 'रोग' आणि 'नेटहॅक' या संगणकावरच्या खेळांत शस्त्राची धार वाढवणारे मंत्रपट, म्हणजे मंत्र लिहिलेल्या गुंडाळ्या, आले. 'नेटहॅक'मध्ये प्लस पाचच्या पुढे गेलेल्या शस्त्रावर पुन्हा मंत्र वाचला, तर सरासरी तीनपैकी दोन वेळा ते वाफ होऊन उडून जातं. फासा आता यंत्रात गेला होता. पण या खेळाची मूळ आज्ञावली सगळ्यांना खुली होती, म्हणून हा हिशेबही खेळाडूंना ठाऊक झाला.

खरं वळण दक्षिण कोरियात आलं. 1998 च्या 'लिनिएज' या ऑनलाइन खेळात शस्त्र प्लस सहापर्यंत आणि चिलखत प्लस चारपर्यंत बिनधोक चढवता येत असे. त्यापुढे फसलं की वस्तू गेली. 2002 च्या 'रॅग्नारॉक ऑनलाइन'ने हेच लोहाराच्या दुकानात आणलं. खेळातल्या प्रोन्टेरा शहरातल्या होल्ग्रेहेन या लोहाराकडे शस्त्र आणि ओरिडेकॉन धातू द्यायचा, तो हातोडा घालायचा. वरच्या प्रतीचं शस्त्र प्लस चारनंतर केव्हाही फुटू शकायचं. पुढे हा खेळ भारतातही अधिकृतपणे आला.

शस्त्रं मोडण्यामागे एक रास्त कारण होतं, ते नाकारता येत नाही. हजारो माणसं रात्रंदिवस राक्षस मारून नवनवी शस्त्रं मिळवत असतात आणि तिथे काहीही झिजत नाही. काही नष्टच झालं नाही तर बाजारात भाव उरणार नाही.

मात्र मंत्रपट खऱ्या पैशांनी विकायला लागल्यावर गणित पालटलं. 2003 च्या 'मेपलस्टोरी'तले मंत्रपट आधी प्रामाणिक होते: 60 टक्के, 10 टक्के असं त्यांच्यावर लिहिलेलंच असे. मंत्रपट लावायच्या सात जागा असलेल्या शस्त्रावर 60 टक्क्यांचे सातही मंत्रपट लागण्याची शक्यता तीन टक्क्यांहूनही कमी, पण ती कागद-पेन्सिल घेऊन काढता तरी येत होती. 2010 मध्ये त्याच खेळात पैसे देऊन घ्यायचे 'क्यूब' आले. शस्त्राचे सुप्त गुण त्याने नव्याने पालटायचे. त्याच वर्षी लोकप्रिय गुण निघण्याची शक्यता गुपचूप कमी केली गेली आणि पुढे गुणांच्या काही जोड्यांची शक्यता चक्क शून्य ठेवली गेली. लोक मात्र न निघणाऱ्या जोडीसाठी पैसे घालत राहिले. मला यातली ही गोष्ट सर्वांत जास्त खटकते.

2021 मध्ये कोरियातल्या खेळाडूंनी फलक लावलेले ट्रक रस्त्यावर आणून निषेध केला, तेव्हा कुठे आकडे बाहेर आले. जानेवारी 2024 मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने 'मेपलस्टोरी'च्या नेक्सॉन कंपनीला सुमारे 1,160 कोटी वॉनचा दंड ठोठावला. 22 मार्च 2024 पासून अशा वस्तूंच्या शक्यता जाहीर करणं तिथे कायद्याने बंधनकारक झालं.

आपल्या गोव्यात संधीच्या खेळांचे कायदे नवे नाहीत. 1976 चा सार्वजनिक जुगार कायदा आहे. 1992 च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत जुगारयंत्रांना वाट मिळाली, पुढे मांडवीत कॅसिनोची जहाजं उभी राहिली. तिथल्या रुलेटच्या चक्रावरचे खाचे निदान मोजता येतात. 2025 च्या केंद्रीय ऑनलाइन गेमिंग कायद्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. तलवार जिंकली तरी रोख हाती येत नाही, त्यामुळे ती त्या चौकटीत सहजी बसत नाही. ज्या खेळात मंत्रपट विकत मिळतो, तिथे विकत घेण्याआधी शक्यता मराठीत, पडद्यावर दिसलीच पाहिजे, ही मागणी आपल्याकडच्या पालकांनी आणि खेळाडूंनी आता लावून धरायला हवी.